बायकोच्या थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच १८ आलाय. आई म्हणते, गोळी सुरू करू नको, सवय लागते, मग आयुष्यभर सुटत नाही. काय करावं?

गोळी सुरू करा. सवय दारूची लागते. थायरॉक्सिन हे हार्मोन गळ्यातली थायरॉईड ग्रंथी रोज बनवतच असते, ती कमी पडली की तेच बाहेरून द्यायचं.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऊन चाळिशीच्या पुढं, बाकीच्या बायका घामानं निथळतायत आणि मी स्वेटर घालून काड्या वेचतेय. थोरल्या जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिला कामाचीच थंडी वाजते." केस मूठमूठ गळायचे. आवाज इतका घोगरा झालेला की माहेरी फोन केला तर भाऊ म्हणाला, "कोण बोलतंय?"

सांगलीला रक्त तपासलं, टीएसएच ६४. जाऊबाई म्हणाल्या, "एवढं वाढलंय तर अंगात जोर का नाही?" इथंच सगळे फसतात. टीएसएच थायरॉईडचं हार्मोन नव्हेच. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, तिनं थायरॉईडला मारलेली ती हाक. ओ मिळेना की हाक चढत जाते.

गोळीनं तीन महिन्यांत मी माणसात आले. मग जाऊबाईंचं सुरू झालं, "बरी झालीस, आता सोड, सवय लागंल." सोडली. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळं पंधरा दिवस काही जाणवलं नाही. "बघ, चाललंय की गोळीवाचून!" दोन महिन्यांनी मला गॅसपाशी उभं राहवेना. सोड म्हणाल्या तेव्हा आमचे मिस्टर समोरच जेवत होते. एक शब्द बोलले नाहीत. जाऊबाईंचं मी केव्हाच सोडून दिलं, हे अजून सोडवत नाही. म्हणून सांगते, आईंशी तुम्ही स्वतः बोला, बायकोवर ढकलू नका.

गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासानं. कॅल्शियमची, लोहाची गोळी ४ तास लांब. ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच परत करा.

राहिलं आयुष्यभराचं. माझी अँटी-टीपीओ तपासणी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे शरीरच ग्रंथीवर उलटलंय, त्यामुळं मला कायमची. बाळंतपणानंतर वर्षभरात बिघडलेलं असेल तर पुष्कळदा सावरतं, मग डॉक्टरच गोळी कमी करून बघतात. दिवस गेले असतील तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सुरुवातीचे महिने बाळाला आईचंच थायरॉक्सिन मिळतं, डोस बहुतेक वाढवावा लागतो.