आईला शॉक ट्रीटमेंट सांगितलीय, वय 62, बीपी आहे. भूल देऊन करतात का, धोका किती?

मी नाशिकमध्ये भूल देतो, ईसीटीच्या, म्हणजे शॉक ट्रीटमेंटच्या, केसेस नेहमीच्या आहेत. सिनेमात चार माणसं पेशंटला दाबून धरतात ना, ते आधी डोक्यातून काढा. भूल आणि अंग सैल करायचं औषध न देता ईसीटी करायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदीच आहे.

आधी सलाईनच्या सुईतून झोपेचं औषध, थायोपेंटोन नाहीतर प्रोपोफॉल, तेही बेताचंच कारण भूल जास्त झाली की करंटने आणायचा झटकाच, म्हणजे फिट, नीट येत नाही आणि मग सगळा खटाटोप वाया. मग एका पायाच्या घोट्यावर बीपीचा पट्टा फुगवून ठेवायचा आणि स्कोलिन द्यायचं. त्याने अंग सैल पडतं, श्वासही थांबतो, तो आम्ही मास्कने देतो. पट्ट्यामुळे स्कोलिन त्या पावलात पोचत नाही, म्हणून करंट दिल्यावर आई शांत पडलेली असेल आणि ते एक पाऊल तेवढं थडथडेल, मी त्या अंगठ्याकडे बघत सेकंद मोजत असतो. तीस-चाळीस सेकंद, बास. जबडा मात्र करंटने थेट आवळतो, स्कोलिन असलं तरी, त्यामुळे दातांत ब्लॉक ठेवतो. कवळी किंवा हलता दात असेल तर आधी सांगा.

बीपीचं म्हणाल तर करंट दिल्यावर नाडी क्षणभर मंदावते आणि मग नाडी-बीपी दोन्ही उसळतात, थोड्या वेळात उतरतात. त्याची औषधं हाताशी असतात, पण मुळात बीपी आटोक्यात हवं. बीपीची गोळी बहुतेकदा पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यायलाच सांगतात, शुगरची आणि झोपेची गोळी असेल तर तिचं गणित वेगळं, डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. घरात कोणाला भुलीनंतर श्वास यायला फार वेळ लागला होता का, तेही सांगा, स्कोलिनसाठी ते फार महत्त्वाचं. धोका शून्य नाही पण साधारण छोट्या ऑपरेशनच्या भुलीइतकाच.

मला खरी भीती चहाची वाटते! निफाडहून आलेल्या एका ताईंना भावाने सीबीएस बसस्टँडवर उतरल्या उतरल्या चहा-खारी दिली आणि मला सांगितलं उपाशीच आहे. ओठाच्या कोपऱ्यात खारीचा कण दिसला म्हणून परत विचारलं, तर म्हणे चहाच तर घेतला डॉक्टर. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. केस पुढे ढकलली, तर भाऊ माझ्यावरच भडकले, द्राक्षाची तोडणी टाकून आलो म्हणून. खाणं आणि दुधाचा चहा 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं.

उठल्यावर आई थोडा वेळ गोंधळलेली असेल, डोकं दुखेल, 'कधी करणारेत?' असं तीन-चारदा विचारेल. झालं म्हणून सांगायचं, परत विचारलं की परत सांगायचं.