चौथ्या तासाला कळणारा वास

लाकडी, उबदार आणि स्त्री-पुरुष दोघांनाही चालणाऱ्या नीश (म्हणजे मोजक्या शौकिनांसाठी लहान घराण्यांनी काढलेल्या) परफ्यूमविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : लाकडाचा वास कोरडा असतो. मग अशा परफ्यूमला ‘उबदार’ का म्हणतात? त्यात खरोखर लाकडाचा अर्क असतो का?

उत्तर : तुमचे निम्मे बरोबर आहे. व्हर्जिनिया सीडर (नावात सीडर, म्हणजे देवदार, असले तरी हे झाड जुनिपरच्या जातीचे) म्हणजे पेन्सिलीला टोक काढताना येणारा वास, अगदी कोरडा. अ‍ॅटलास सीडर त्याहून दाट आणि किंचित गोडसर. वाळ्याच्या मुळांचे तेल मातकट, धुरकट. यांपैकी एकानेही ऊब येत नाही. ऊब येते ती त्यांच्या खाली अंथरलेल्या थरातून : लॅब्डॅनमची राळ, बेन्झॉइन ही दुसरी एक राळ, व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन आणि टोंका बियांतले कुमारिन हे गोडसर वासाचे द्रव्य. लॅब्डॅनम, बेन्झॉइन आणि व्हॅनिला यांच्या मिश्रणालाच परफ्यूमच्या धंद्यात ‘अंबर’ म्हणतात. तृणमणी नावाच्या रत्नाशी त्याचा संबंध नाही.

या दोन टोकांना जोडतो तो चंदन. पांढऱ्या चंदनाच्या तेलात आंतरराष्ट्रीय मानकानुसार अल्फा-सँटॅलोल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटॅलोल १६ ते २४ टक्के असावे लागते. दुधाच्या सायीसारखा मऊपणा येतो तो यांच्यामुळे. शिवाय सँटॅलोलचा रेणूभार २२० च्या घरात, तर लिंबूवर्गीय फळांतल्या लिमोनीनचा १३६. जड रेणू सावकाश उडतो. म्हणून लिंबू-संत्र्याचा वास अर्ध्या-पाऊण तासात विरतो आणि लाकूड संध्याकाळपर्यंत अंगाला धरून राहते. त्वचेच्या उष्णतेने ते थोडे थोडे सुटत असते, आणि हा वास परफ्यूमचा नसून माणसाचाच आहे असे वाटू लागते. या प्रकाराची सगळी भुरळ आमच्या मते इथे आहे.

लाकडाचा अर्क असतो, पण क्वचितच एकटा. चंदनाच्या जागी किंवा त्याच्या जोडीला जावानॉल, इबॅनॉल, पॉलिसँटॉल असे प्रयोगशाळेत बनवलेले पदार्थ घालतात. त्यात फसवणूक काही नाही. नैसर्गिक तेल मऊ असते पण जवळच घोटाळते, त्याला लांब नेण्याचे काम हे पदार्थ करतात. ‘नीश’ या शब्दाचा अर्थही नैसर्गिक किंवा शुद्ध असा नाही. नीश घराणी आणि मोठ्या कंपन्या बहुतेक कच्चा माल त्याच मोजक्या पुरवठादारांकडून घेतात. फरक पडतो तो कशाला किती वाव दिला यात.

एक सावधगिरी. मराठीत ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायची राळ, म्हणजे वर सांगितलेले बेन्झॉइनच. परफ्यूमच्या बाटलीवरचा ‘ऊद’ मात्र अगरु : अ‍ॅक्विलारियाच्या झाडाला जखम होऊन बुरशी लागली की त्याच्या लाकडात साठणारी राळ. दोन्ही वासांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेव्हा नावावरून बाटली मागवू नका.

प्रश्न : सकाळी लावलेला परफ्यूम तासाभरात मला येईनासा होतो. आसपासचे म्हणतात की चांगला दरवळतोय. बाटली नकली आहे का?

उत्तर : बाटली बहुधा ठीक आहे, नाक थकले आहे. एकच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची नोंद घेणे सोडतो. लाकडी परफ्यूममध्ये हे लवकर होते, कारण त्यांचा वास फार बदलत नाही.

त्यातही एक खास गुन्हेगार आहे : आयसो ई सुपर. आयएफएफ या कंपनीने १९७३ मध्ये तो बनवला. वास सीडरसारखा, पण मखमली आणि पारदर्शक, जणू लाकडाची सावली. २००६ मध्ये परफ्यूमर गेझा शोएन यांनी ‘मॉलिक्यूल ०१’ हे परफ्यूम काढले, त्यात सुगंधी द्रव्य म्हणून हा एकच पदार्थ आहे. त्याच वर्षीच्या ‘तेर द’एर्मेस’मध्येही, परफ्यूमर जाँ-क्लोद एलेना यांनी त्याला भरपूर जागा दिली. खरे तर आयसो ई सुपर हे अनेक समघटकांचे (म्हणजे अणू तेच, पण रचना वेगळी अशा रेणूंचे) मिश्रण आहे. त्यातला मुख्य भाग बराच फिका, आणि अगदी थोड्या प्रमाणात असलेला एक समघटक भलताच तीव्र. त्यामुळे कुणाला तो ठळक येतो, कुणाला जवळजवळ येतच नाही, आणि कुणाला येतो-जातो, येतो-जातो असे होते.

खात्री करायची तर परफ्यूम मनगटाऐवजी कोपराच्या वर लावा. मनगट दिवसभर नाकापुढून जात असते. मग उघड्या हवेत दहा मिनिटे फिरून या आणि बाही हुंगा. तेव्हाही काही आले नाही, तर दुसऱ्या माणसाला विचारा. स्वतःला येत नाही म्हणून दुपारी आणखी चार फवारे मारणे ही यातली सर्वांत मोठी चूक. त्याचा भार तुमच्या शेजारी बसणाऱ्यावर पडतो.

प्रश्न : ‘युनिसेक्स’ लिहिलेले असले तरी लाकडी वास पुरुषीच ना?

उत्तर : लाकडाला लिंग नसते, जाहिरातीला असते. १९९२ मध्ये आलेले ‘फेमिनिते द्यु ब्वा’ हे परफ्यूम सीडरभोवती रचलेले होते आणि स्त्रियांसाठी विकले गेले. दोन वर्षांनी ‘सीके वन’ने स्त्री-पुरुषांसाठी एकच बाटली ही कल्पना घरोघरी नेली. तुम्हाला जो ‘पुरुषी’पणा जाणवतो तो बहुधा लाकडाचा नसतो. लॅव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारे दगडफूल) आणि कुमारिन एकत्र आले की दाढीच्या साबणाची आठवण होते, त्या जोडणीचा तो असतो. चंदन आणि अंबर असलेल्या मिश्रणात ती जोडणी नसेल, तर हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : पूर्ण बाटली घेण्याआधी नमुना कसा तपासावा? दुकानात आवडलेला वास घरी आल्यावर वेगळाच निघाला.

उत्तर : दुकानात तुम्ही पहिली दहा मिनिटे हुंगलीत आणि बाटली घरी आणलीत चौथ्या तासाची. लाकडी परफ्यूमची सुरुवात बहुतेकदा बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ), वेलदोडा किंवा मिरीने करतात. ती छान असते आणि लगेच संपते. पुढे रोज सोबत राहतो तो तळाचा भाग.

आधी कागदाची पट्टी घ्या. साधारण १५ सेंटिमीटरवरून एक फवारा, पट्टीवर नाव आणि वेळ लिहा, अल्कोहोल उडायला एक मिनिट द्या. मग १० मिनिटांनी, १ तासाने, ४ तासांनी आणि शक्य झाल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. एका वेळी तीनपेक्षा जास्त पट्ट्या नकोत. मध्ये कॉफीच्या बिया हुंगल्याने नाक ‘कोरे’ होते असे सांगतात, पण साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग होत नाही.

पट्टीवर टिकला तरच अंगावर घ्या. दोन हातांवर दोन, त्यापुढे नाही. मनगटे एकमेकांवर घासू नका. घासल्याने रेणू ‘फुटत’ नाहीत, ती दंतकथा; पण त्वचा गरम होऊन सुरुवातीचा हलका भाग लवकर उडतो आणि दोन मनगटांवरचे वास एकमेकांत मिसळतात. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचे क्रीम लावा आणि पाच मिनिटे जाऊ द्या. स्निग्ध त्वचेवर वास जास्त टिकतो.

हिशोब असा : एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलिटर. २ मिलिलिटरच्या नमुन्यात वीसेक फवारे, म्हणजे रोज दोन मारले तर दहा दिवस. ते सगळे दिवस वापरा. एखादा दिवस गरम, एखादा थंड, एकदा लोकरी कपड्यावर. दहाव्या दिवशीही नमुना संपल्याची हळहळ वाटली तर बाटली घ्या. ५० मिलिलिटरची बाटली याच गतीने सुमारे अडीचशे दिवस पुरते, म्हणून १०० ची घाई नको.

प्रश्न : काही आधुनिक लाकडी परफ्यूम नाकात टोचतात, स्पिरिट किंवा घासलेल्या धातूसारखे. मला अ‍ॅलर्जी आहे का?

उत्तर : खाज, पुरळ किंवा शिंका नसतील तर अ‍ॅलर्जीची शक्यता कमी. टोचतात ते नॉरलिंबॅनॉल, अ‍ॅम्ब्रोसेनाइड यांसारखे प्रयोगशाळेत बनवलेले ‘वुडी अंबर’ पदार्थ, वर सांगितलेल्या अंबरपेक्षा वेगळे. मिश्रणात अगदी थोडे घातले तरी ते सगळ्यावर स्वार होतात आणि कपड्यावर आठवडाभरही राहू शकतात. काहींना ते कोरडे, उंची वाटतात, काहींना खरवडल्यासारखे. सवयीने आवडेल म्हणून सहन करत बसू नका. ज्याच्या वर्णनात चंदन, बेन्झॉइन किंवा टोंका पुढे आहेत असा नमुना मागा. ‘अतिशय टिकाऊ’, ‘दूरवर दरवळणारा’ हे शब्द दिसले की समजा, या पदार्थांवर भर असण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : वर्षभरात बाटलीतला द्रव पिवळ्याचा तपकिरी झाला. टाकून द्यावा का?

उत्तर : नको. व्हॅनिलिन असलेले परफ्यूम काळानुसार गडद होतातच. पांढऱ्या कपड्यावर मात्र मारू नका, डाग पडेल. खराब झाले हे नाकाने ओळखा : सुरुवातीला खवट तेलासारखा किंवा व्हिनेगरसारखा आंबूस वास आला आणि अर्ध्या तासानंतरही गेला नाही, तर बाटली बिघडली. फक्त पहिली काही मिनिटे बिघडलेली वाटली, तर वरची लिंबूवर्गीय तेलेच शिळी झाली आहेत, लाकूड शाबूत आहे. बाटली खोक्यात घालून कपाटात ठेवा. खिडकीतले ऊन आणि न्हाणीघरातली वाफ दोन्ही वाईट.