लहानपणी फादरकडून लैंगिक अत्याचार झाला, आता पस्तिशी आली. यातून माणूस खरंच बाहेर येतो का?

तुम्ही लिहिलंय की अकरा वर्षांचे असताना वेदीसेवक (चर्चच्या उपासनेत फादरला मदत करणारा मुलगा) होतात, तेव्हाच्या फादरांनी जे केलं ते आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही, आता मुलगी पहिल्या कम्युनियनच्या (पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायच्या विधीच्या) वर्गाला जाणार म्हणून सगळं परत वर आलंय, झोप गेलीय. आणि विचारताय की यातून माणूस बाहेर येतो का, चर्च सोडावं लागतं का, आणि माफ केल्याशिवाय बरं होता येत नाही हे खरं का.

बाहेर येतो. माझ्यासोबतही हेच झालं होतं. मीही मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकत वाढलेला, आमच्याही घरी फादर जेवायला येणार म्हटलं की आई सकाळपासून कामाला लागायची, आणि तो तोच माणूस होता. गाव, पॅरिश म्हणजे कुठलं चर्च, नाव काही लिहीत नाही. पण बाहेर येतो म्हणजे विसरतो असं नाही आणि एका सकाळी उठून ‘झालो बरा’ असंही होत नाही. मला जे कळलं ते असं की तेव्हा आपल्या हातात काहीच नव्हतं, कधी बोलवायचं, कुठे थांबवायचं, कुणाला सांगायचं नाही, सगळं तो ठरवायचा. बरं होणं म्हणजे ते ठरवणं एकेक करून आपल्याकडे परत घेणं. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, चर्चला जायचं की नाही, तक्रार करायची की नाही, माफ करायचं की नाही, हे सगळं आता तुम्ही ठरवायचं. ज्युडिथ हर्मन म्हणून अमेरिकेतल्या सायकिअ‍ॅट्रिस्ट आहेत, त्यांचं सगळं काम याच विषयावरचं, त्याही हेच सांगतात की ज्या मदतीत माणसाच्या हातातला निर्णयच काढून घेतला जातो त्या मदतीने तो बरा होत नाही, देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असू दे. पुढे मी जे काही लिहितोय तेही याच अटीवर वाचा, पटलं तर घ्या.

आधी ‘इतक्या उशिरा बोलून काय उपयोग’ हे जे लिहिलंय त्याबद्दल. ऑस्ट्रेलियात सरकारने रॉयल कमिशन नेमलं होतं, 2013 ते 2017, हजारो लोकांनी समोर बसून सांगितलं, चर्चचे होते, शाळांचे होते, अनाथाश्रमांचे होते, आणि पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला लोकांना सरासरी 23.9 वर्षं लागली होती. पुरुषांना बायकांपेक्षा जास्त. म्हणजे अकराव्या वर्षी झालेलं पस्तिशीत बोलणारे तुम्ही उशिरा आलेले नाही, कितीतरी लोक याच वयात येतात. आणि आपल्याकडे मूल सांगणार तरी कुणाला, घरातली मोठी माणसं ज्याच्याकडून आशीर्वाद घेतात, ज्याच्यासमोर पापनिवेदन करतात, त्याच्याविरुद्ध एका पोराचं कोण ऐकणार होतं? शिवाय हा प्रकार फक्त मुलींच्या बाबतीत होतो असं अजूनही कितीतरी घरात समजतात. केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला त्यात 53 टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते.

मुलीमुळे हे वर आलं त्यात नवल काहीच नाही. आपलं मूल त्या वयाला येतं तेव्हा खूप जणांचं असं होतं. पण यातच एक चांगली गोष्टही आहे. माझा पुतण्या अकरा वर्षांचा झाला तेव्हा एकदा मी त्याला शाळेत जाताना बघत होतो, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात, दप्तर पाठीवरून खाली लोंबतंय, दाराशी उभा राहून वहिनीकडे वडापावला पैसे मागतोय. एवढासा. आणि मी इतकी वर्षं स्वतःला विचारत होतो की ओरडलास का नाहीस, पळालास का नाहीस, परत परत गेलास कशाला. एवढ्याशा पोराला मी हे विचारत होतो! त्या दिवसानंतर तो प्रश्न पूर्ण गेला नाही पण त्याचा जोर गेला.

अजून एक, हे तुम्ही लिहिलेलं नाही पण बऱ्याच जणांना आतून खातं म्हणून लिहितो. कधी कधी शरीर प्रतिसाद देतं. गुदगुल्या केल्या की हसू येतं म्हणून काही त्या हव्या होत्या असं होत नाही, तसंच हे. शरीराचं आपोआप होतं ते, त्यात होकार नसतो, आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या होकाराला तसाही काही अर्थ नाही.

आता माफीचं. मला या शब्दाने फार त्रास दिलाय म्हणून जरा जास्त लिहितो. आयर्लंडच्या मेरी कॉलिन्सची हकिगत जाहीर आहे, तेरा वर्षांच्या असताना 1960 मध्ये डब्लिनच्या मुलांच्या हॉस्पिटलात आजारी होत्या, तिथल्या चॅपलिनने, म्हणजे हॉस्पिटलच्या फादरने, अत्याचार केला. मोठेपणी डिप्रेशन, सतत आजारपण. 1985 मध्ये डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या पॅरिशच्या फादरला सांगितलं, तर त्याने त्या माणसाचं नाव ऐकून घ्यायलाच नकार दिला, वर म्हणाला की चूक तुझीही असू शकेल पण तुला क्षमा आहे. बघा, क्षमा कुणाला! त्या एका वाक्याने बाई पुढची दहा वर्षं गप्प झाल्या. मग 1995 मध्ये परत उभ्या राहिल्या, आर्चबिशपना लिहिलं, पोलिसांकडे गेल्या, 1997 मध्ये त्या माणसाला शिक्षा झाली. 2014 मध्ये पोप फ्रान्सिसनी त्यांना मुलांच्या संरक्षणाच्या आयोगावर घेतलं आणि 2017 मध्ये व्हॅटिकनची ऑफिसं सहकार्य करत नाहीत म्हणून त्यांनी तिथूनही राजीनामा दिला. आणि एवढं सगळं होऊन त्या कॅथलिकच राहिल्या.

म्हणून जो कुणी तुम्हाला पहिल्याच भेटीत ‘माफ करून टाका, मन हलकं होईल’ म्हणेल, मग तो फादर असो, सिस्टर असो, काउन्सेलर असो की सख्खी आई असो, त्याच्यापाशी हा विषय तिथेच थांबवा. माफी कधीतरी आतून आली तर येऊ दे, नाही आली तर तुमच्या श्रद्धेत काही कमी नाही. मी माफ केलेलं नाही आणि मी नीट जगतोय, शांत झोपतो.

प्रत्यक्ष काय करायचं तर सुरुवात जुन्या गोष्टी उकरण्यापासून करू नका. हर्मन बाई तीन टप्पे सांगतात, आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि त्याचा शोक करणं, मग परत माणसांत येणं, आणि लोक घाईघाईत दुसऱ्यावर उडी मारतात. आधी झोप, जेवण, दारू वाढली असेल तर ती, आणि जीव नकोसा वाटत असेल तर आजच्या आज कुणाला तरी सांगा. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. टाटा इन्स्टिट्यूटची आयकॉल म्हणून सेवा आहे, तिथे फोनवर प्रशिक्षित काउन्सेलर मिळतात. समोर बसून थेरपी घ्यायची ठरली तर आधी फोनवरच विचारा की लहानपणीच्या लैंगिक अत्याचारावर काम केलंय का. असं विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही आणि चांगला काउन्सेलर रागावत नाही. सगळे तपशील पहिल्या दिवशी सांगावे लागत नाहीत, काही तर कधीच सांगावे लागत नाहीत.

शरीराला मात्र तपशील लक्षात असतात. माझं डांबरगोळ्यांचं होतं. सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीत, मिस्साच्या झग्यांचं कपाट होतं, त्यात डांबरगोळ्या असायच्या. मोठेपणी एकदा साड्यांच्या दुकानात बायकोबरोबर गेलो, त्या माणसाने मागचं कपाट उघडलं आणि वास आला, मला घाम, हात गार, कान बंद, बायको काहीतरी विचारतेय आणि मला फक्त तिचे ओठ हलताना दिसतायत. थेरपीत मला शिकवलं की अशा वेळी तळपाय जमिनीवर दाबायचे, आजूबाजूच्या वस्तूंची नावं मनात घ्यायची, ट्यूबलाइट, स्टूल, निळी पिशवी, कॅलेंडर, आणि आज कुठली तारीख, आपलं वय किती हे स्वतःला सांगायचं. वाचायला साधं वाटतं पण रोज सराव केला तर चालतं. वास अजून आवडत नाही, घरात डांबरगोळ्या नाहीतच, पण आता मी दुकानातून पळत बाहेर येत नाही, मला निघायचं असेल तर निघतो.

जोडीदाराला सांगायचं का? माझं मत, हो, पण तयारीने. आधी काउन्सेलरशी बोलून घ्या, मग एखाद्या निवांत वेळी, मुलगी घरात नसताना, आणि ‘मला एक सांगायचंय, तुला काही करायचं नाहीये, फक्त ऐकायचंय’ असं आधीच सांगून. कारण समोरचा माणूस रागाने पेटतो, लगेच जाऊन त्याचे पाय तोडतो म्हणतो, आणि मग त्यालाच सावरत बसायची वेळ तुमच्यावर येते. आमच्या घरात सगळ्यात अवघड गेलं ते स्पर्शाचं. मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही, अंधारात नाही, हे बायकोला सांगता आलं तेव्हा तिलाही सुटल्यासारखं झालं, कारण तोपर्यंत तिला वाटायचं तीच मला आवडत नाही.

चर्चचं तुम्ही विचारलंय. बाहेरच्या माणसाला कळत नाही की यात शरीराबरोबर अजून केवढं जातं, प्रार्थना जाते, गाणी जातात, नाताळ जातो, अख्खं गाव जातं, कारण आपलं सगळं त्याच अंगणात. काही जण कायमचे सोडून जातात आणि त्यांना मोकळं वाटतं. मी काही वर्षं गेलोच नाही, आईला वाटायचं मी नास्तिक झालो. आता कधीतरी जातो, मागे दाराजवळ बसतो, पापनिवेदनाला जात नाही, आणि मनात आलं की मध्येच उठतो. देवाला त्या माणसाच्या हातातून सोडवून घेतलं असं मला वाटतं, पण हे माझं, तुमचं वेगळं असू शकतं.

तक्रारीचं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासूनचा, तुमचं त्याआधीचं म्हणजे जुन्या आयपीसीखाली येईल. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना तक्रारीची मुदत संपत नाही, बलात्कार आणि तेव्हाचं अनैसर्गिक संभोगाचं कलम 377 त्यात येतात, किरकोळ कलमांना मात्र मुदत असते, म्हणून आधी वकिलाला भेटा. चर्चच्या आत म्हणाल तर पोप फ्रान्सिसचा 2019 चा नियम आहे की प्रत्येक धर्मप्रांतात तक्रारीची सोय हवी, आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प बसायची अट घालता येत नाही. चर्चच्या कायद्यात मुदत पीडित अठराचा झाल्यापासून वीस वर्षं धरतात आणि ती उलटली तरी रोम ती बाजूला ठेवू शकतं. तो माणूस अजून मुलांच्यात वावरत असेल तर मला वाटतं काहीतरी करायला हवं, पण एकट्याने नाही, आणि त्याने पुढे जे केलं असेल त्याचं ओझं तुमच्या डोक्यावर घेऊ नका, ते त्याचं आणि ज्यांनी त्याला झाकलं त्यांचं.

गप्प बसायच्या अटीवरून फिल सॅव्हियानो आठवतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे, लहानपणी त्यांच्यावरही फादरने अत्याचार केला होता. नव्वदच्या दशकात त्यांना एड्स झाला होता, आता वाचत नाही असं वाटत होतं, तरी चर्चने भरपाईचे पैसे देताना तोंड बंद ठेवायच्या कागदावर सही मागितली ती त्यांनी दिली नाही. सही नव्हती म्हणून ते बोलू शकले, आणि 2002 मध्ये बॉस्टन ग्लोब या वृत्तपत्राने फादरांच्या अत्याचाराचं जे प्रकरण बाहेर काढलं त्यात त्यांनी पुरवलेल्या माहितीचा मोठा वाटा होता. पुढे औषधं आली, ते जगले, मेक्सिकोतल्या कारागिरांच्या वस्तू विकायचा व्यवसाय केला, 2009 मध्ये किडनीची गरज पडली तर ती दिली दुसऱ्या एका सर्व्हायव्हर, म्हणजे असाच अत्याचार सोसलेल्या बाईने. 2021 मध्ये गेले. मला त्यांच्या लढ्याइतकीच ती मेक्सिकोची लाकडी रंगीत जनावरं महत्त्वाची वाटतात, म्हणजे माणसाला या विषयाच्या बाहेर आवडीचं काहीतरी होतं, आणि ते त्याने केलं.

टेडेस्की आणि कॅलहून या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकापासून यावर काम केलंय की मोठ्या आघातानंतर काही लोकांमध्ये नवी ताकद, नवी नाती, नवी वाट तयार होते. पण ती आघातामुळे येत नाही, त्याच्याशी झगडताना येते, आणि दुःख बाजूला उभंच असतं. तुमच्यात असं काही दिसलं नाही तरी तुम्ही कुठे कमी पडलात असं नाही. माझ्यात काय बदललं म्हणाल तर आमच्या घरात पाहुणा आला म्हणून कुठल्याही पोराला ‘जा, काकांना पापी दे’ म्हणत नाहीत, मी म्हणू देत नाही. आणि कुणी काही सांगायला लागलं की मी मध्ये बोलत नाही, पूर्वी फार बोलायचो.

मुलीच्या वर्गाचं, कारण खरी झोप त्याने उडालीय. तुम्ही पालक म्हणून सरळ विचारू शकता की वर्ग कोण घेणार, एकाच मोठ्या माणसाबरोबर मूल एकटं राहतं का, दार उघडं असतं का, पापनिवेदन सगळ्यांना दिसेल अशा जागी होतं का, तक्रार कुणाकडे करायची. स्वतःचं काहीही न सांगता हे विचारता येतं. आजकालच्या बऱ्याच फादरांना या प्रश्नांची सवय आहे, जो चिडेल त्याच्या वर्गाला पाठवू नका, दुसऱ्या पॅरिशमध्ये करा नाहीतर एक वर्ष थांबा, सासरमाहेरचे काय म्हणायचं ते म्हणू देत. मुलीला शरीराच्या अवयवांची नावं आणि ‘नाही म्हणायचं, निघून यायचं, घरी सांगायचं’ हे आत्ताच शिकवा, आणि फादर, सर, मामा, कुणीही असलं तरी हेच, असं नाव घेऊन सांगा. पहिले काही वर्ग तुम्ही स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसा, जमत असेल तरच. तुम्हाला सॅक्रिस्टीच्या बाजूला फिरकवत नसेल तर जोडीदाराला पाठवा. आणि कमेंटमध्ये तुमच्या गावाचं किंवा त्या माणसाचं नाव लिहू नका, इथे सगळे वाचतात, वकिलाशी बोलेपर्यंत तरी नाही. माझे मेसेज उघडे आहेत, उत्तर द्यायला वेळ लागला तरी देईन.