सोलापूरहून स्पीतीतल्या काझाला बदली झाली आहे. तिथला हिवाळा कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयुष्य सोलापुरात गेलं, सप्टेंबरअखेर हिमाचल प्रदेशातल्या काझाला हजर व्हायचंय, थंडीसाठी काय काय घ्यावं आणि बायको व चार वर्षांच्या मुलीला लगेच न्यावं का.

स्वेटर-जॅकेटची यादी कुणीही देईल. पाण्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, आणि तिथला हिवाळा अडतो तो पाण्यावर. पण आधी पोचायचं कसं ते बघू, कारण पहिली चूक बहुतेक तिथेच होते.

काझा साधारण ३,६५० मीटरवर आहे, सोलापूर साडेचारशेच्या आसपास. सप्टेंबरमध्ये मनालीकडचा रस्ता सहसा उघडा असतो आणि नकाशावर जवळचाही दिसतो. त्याने जाऊ नका. मनाली दोन हजार मीटरवर, मधली कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर आणि त्याच रात्री मुक्काम काझाला, हा सोलापुरी फुप्फुसांवर अन्याय आहे. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली गाठा, पुढे सिमला, रामपूर करत रेकाँग पिओ. पिओच्या वर कल्पा आहे, तिथे दोन रात्री काढा. मग ताबोला एक रात्र, मग काझा. कल्पा २,९०० च्या आसपास, ताबो सुमारे ३,२८०. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच न्यायची नाही, हा नियम या टप्प्यांत आपोआप पाळला जातो. नाकोजवळ मलिंग नाल्यात दरड येते, म्हणून हजर व्हायच्या तारखेआधी दोन-तीन दिवस हातात ठेवा.

उंचीचा त्रास टाळण्यासाठी अॅसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचं असेल तर प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फाची अॅलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा आणि त्यांना विचारूनच घ्या. सुरुवातीला डोकं दुखणं, भूक मरणं, झोप तुटणं चालायचंच. चालताना झोक जायला लागला किंवा बसल्या जागी दम लागून खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

आता पाणी. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या शहरातला माणूस साठवणीत हुशार असतो, त्यामुळे तुमची निम्मी तयारी झालेली आहे. फक्त पद्धत बदलावी लागेल. कडाक्याची थंडी सुरू झाली की घरातले नळ गोठतात, उथळ पुरलेले पाइप फुटतात, आणि मग गावातल्या चालू नळावरून किंवा हातपंपावरून पाणी वाहून आणावं लागतं. तो नळ मुद्दाम वाहता ठेवलेला असतो, कारण थांबलं की पाणी गोठतं. नळ नुसताच वाहताना दिसला म्हणून सोलापुरी सवयीने जाऊन बंद करू नका, अख्खी गल्ली बोलेल.

गच्चीवरची टाकी आणि अंगणातलं दोनशे लिटरचं पिंप हिवाळ्यात विसरा. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, त्यामुळे काठोकाठ भरलेलं पिंप तडकतं. अरुंद गळ्याची कळशी तर हमखास जाते, कारण बर्फाला वर सरकायला वाट मिळत नाही. वर रुंद, खाली निमुळत्या बादल्या घ्या, पाऊण भरा आणि शेगडीच्या खोलीतच ठेवा. रात्री वरचा थर गोठला तरी सकाळी लाटण्याने फुटतो. बर्फ वितळवून काम भागवायचं म्हणाल तर ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दहा बादल्यांतून जेमतेम एक बादली पाणी निघतं. वितळवताना भांड्याच्या तळाशी आधी तांब्याभर पाणी घाला, नाहीतर भांडं करपतं. गीझर असेल तर थंडी पडायच्या आत पूर्ण रिकामा करा.

याच कारणाने घर भाड्याने घेताना आधी संडास बघा. फ्लशचा संडास हिवाळ्यात बंद पडतो. तिथला जुना कोरडा संडास वरच्या मजल्यावर असतो: मातीच्या जमिनीला भोक आणि खाली मोकळी खोली. दर वेळी वरून फावडंभर माती किंवा राख टाकायची. पाणी ओतायचं नाही, नाहीतर खाली बर्फाचा खांब उभा राहतो आणि काही दिवसांत भोकापर्यंत येतो. उन्हाळ्यात तेच खत शेतात जातं. त्यानंतर भिंती बघा. जाड मातीच्या भिंती आणि दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली नव्या सिमेंटच्या बंगल्यापेक्षा कितीतरी ऊबदार असते.

हिवाळ्यात सगळं घर एका खोलीत येतं. मधोमध तंदूर, म्हणजे पत्र्याची शेगडी, आणि तिचं नळकांडं छपरातून बाहेर. जळण लाकूड आणि शेण. झाडं फारशी नसल्याने लाकूड बाहेरून येतं, म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत कोटा उचलून ठेवा. काजळीने नळकांडं चोंदतं, ते दर पंधरवड्याला झाडायचं. नळकांडं नसलेली कोळशाची शेगडी पेटवून बंद खोलीत झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. तंदूर असला तरी खिडकीची बोटभर फट उघडी राहू द्या.

गॅसचीही एक गंमत आहे. सिलिंडरमधल्या ब्यूटेनची शून्याच्या खाली वाफच होत नाही, त्यामुळे सिलिंडर जड लागतो पण ज्योत मरतुकडी. बाहेर व्हरांड्यात ठेवलेला सिलिंडर म्हणूनच 'संपतो'. तो आत ठेवायचा, शेगडीपासून लांब, पोत्यात गुंडाळून. ज्योत दाखवून गरम करायला जाऊ नका.

तिथे पाणी ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजणार नाही. कुकरमध्येही सोलापूरला १२० च्या आसपास तापमान मिळतं, तिथे ११४ च्या जवळपास. डाळ दोन तास भिजवा आणि शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ लावा, इथल्या दीडपट वेळ. रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्हचे दोन जादा संच इथूनच न्या. भाकरीच्या पिठाला उकळतं पाणी घेतलं तरी उकड इथल्यासारखी येत नाही, पीठ चिरतं. झाकून जरा जास्त वेळ ठेवा, मग थोडी फुटते पण थापता येते.

त्याहून सोपं म्हणजे कडक भाकरी. पत्र्याच्या डब्यात उभ्या रचून न्या. कोरड्या हवेत ती मऊ पडत नाही, गरम आमटीत चुरली की जेवण झालं. शेंगा चटणी भरपूर घ्या. शेंगदाण्याचं तेल बाटलीत थिजतं आणि बाहेर येत नाही, म्हणून रुंद तोंडाच्या डब्यात भरा. कांदे-बटाटे गोठले की वितळल्यावर लगदा होतो. गावकरी भाज्या खड्ड्यात पुरतात, तुम्ही पोत्यात घालून शेगडीच्या खोलीत पलंगाखाली सरकवा. एटीएम आहे, पण लाइट किंवा नेट गेलं की काही दिवस निरुपयोगी. महिन्याभराची रोकड घरात हवी.

कपड्यांबद्दल एवढंच: सोलापुरी चादर न्या, पण गादीवर अंथरायला. सुती कपडा घाम धरतो आणि ओला राहिला की अंग गारठवतो. अंगाला लागून लोकरी किंवा सिंथेटिक, वर जाड लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. गार पडलेले हातपाय थेट तंदूरला लावू नका, बोटं सुजून खाजतात. बर्फ पडल्यावर गॉगल घरातल्या प्रत्येकाला, मुलीलाही.

गाडी नेणार असाल तर रेडिएटरमधलं साधं पाणी इथेच काढून निम्मं कूलंट, निम्मं पाणी भरून घ्या. तिथे साधं पाणी गोठलं तर इंजिनाचा ब्लॉक तडकतो. रात्री हँडब्रेक लावायचा नाही, गाडी गिअरमध्ये आणि चाकांना दगड.

कुटुंबाचं म्हणाल तर पहिला हिवाळा एकट्याने काढा, असं माझं स्पष्ट मत. गावात सरकारी दवाखाना आहे, पण मोठं दुखणं निघालं तर रामपूर किंवा सिमल्याशिवाय पर्याय नाही, आणि हिमवर्षावात तो रस्ता कधीही बंद होतो. लहान मुलांना उंचीचा त्रास होतोय की नुसती किरकिर आहे, हे ओळखणंही अवघड. जूनमध्ये, सोलापूर तापलेलं असताना, दोघींना बोलवा. चार महिने वर काढून त्यांची तब्येत मानवली, तर पुढच्या हिवाळ्याचा विचार तेव्हा करा.