वाचकांचे प्रश्न : आधी वारा बघा, मग किनारा ठरवा

दक्षिण स्पेनमध्ये, म्हणजे आंदालुसियात राहणाऱ्या आणि तिकडे जाऊ पाहणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : नोकरीनिमित्त मालागात वर्षभर आहे. जुलैत तारिफाला गेलो. अ‍ॅपवर दोन्ही दिवस लख्ख सूर्य दाखवत होता, पण वाळूच्या माऱ्यात पाच मिनिटंही बसवेना. मालागातला मित्र म्हणे, तिथे त्याच दिवशी ढगाळ आणि चिकचिक होती. ऑगस्टात चार दिवस आहेत. कादिसकडे जावं की नेर्हाला?

उत्तर : तुम्ही आणि तुमचा मित्र एकाच वाऱ्यात सापडला होतात. त्याचं नाव लेव्हान्ते, म्हणजे पूर्वेचा वारा. मालागाला तो भूमध्य समुद्रावरून पोचतो, म्हणून दमट असतो. खालचे ढग आणि कधी दाट धुकंही आणतो. पुढे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत तो दोन्हीकडच्या डोंगरांमध्ये चेपला जातो आणि वेग धरतो. सामुद्रधुनीची सगळ्यात अरुंद जागा जेमतेम 14 किलोमीटरची, आणि तारिफा नेमकं तिथेच. कादिसला पोचेपर्यंत हा वारा जमिनीवरून आणि डोंगर उतरून आलेला असतो, त्यामुळे तिथे तोच कोरडा आणि गरम लागतो. पश्चिमेच्या पोनिएन्तेचा स्वभाव वेगळा. तो अटलांटिकवरून थेट येतो आणि कादिसला गारवा देतो.

म्हणून निघायच्या आदल्या रात्री एमेट या सरकारी हवामान खात्याच्या पानावर त्या गावाच्या वाऱ्याची ओळ बघा. अक्षर वारा कुठून येतोय ते सांगतं. ‘ई’ म्हणजे पूर्व. पश्चिमेला मात्र स्पॅनिशमध्ये ‘डब्ल्यू’ नसतो, ‘ओ’ असतो. तो शून्य समजून पुढे जाऊ नका. वेग ताशी 20-25 किलोमीटरच्या वर गेला की कोरडी वाळू उडायला लागते. 40 च्या पुढे किनारा विसरा.

पोनिएन्ते असेल तर डोळे मिटून कादिस, कोनिल किंवा साआरा दे लोस आतुनेस. लेव्हान्ते असूनही कादिसलाच जायचं ठरलं असेल, तर जुन्या शहराच्या पश्चिम अंगाची ला कालेता ही छोटी पुळण गाठा. घरांची रांग वारा अडवते. कोनिलजवळच्या रोचेच्या छोट्या पुळणींना कड्यांचा आडोसा आहे. लेव्हान्तेच्या दिवशी नेर्हाला वाळूचा त्रास नसतो, पण लाटा उसळतात आणि लाल बावटा लागू शकतो. तो दिवस 1959 साली सापडलेल्या गुहा आणि वरचं फ्रिहिलियाना गाव पाहण्यात घालवा. नेर्हाला रेल्वे नाही, मालागाहून बसनेच जावं लागतं.

आणखी एक फरक कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. भूमध्य समुद्रावरच्या नेर्हाला भरती-ओहोटी जवळपास जाणवतच नाही. कादिसला उधाणाच्या दिवसांत पाणी तीनेक मीटर चढतं-उतरतं. ओहोटीला अंथरलेली चटई दोन तासांत पाण्यात जाते.

तिसरा वारा खास मालागाचा, तेर्राल. तो आतल्या पठारावरून डोंगर उतरून येतो, पारा चाळिशीला नेतो आणि हवा खडखडीत कोरडी करतो. गच्चीवर कुरडया घालायच्या असतील तर हाच मुहूर्त! समुद्र मात्र त्या दिवशी अंगावर काटा आणतो. हा वारा वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून लोटून नेतो आणि खालचं गार पाणी वर येतं.

प्रश्न : आई-बाबा एप्रिलमध्ये पुण्याहून येणार आहेत. अंडंही खात नाहीत आणि रात्री आठच्या आत जेवायची सवय. किनाऱ्यावरच्या गावांत त्यांना काय मिळेल?

उत्तर : मिळेल, पण ‘शाकाहारी’ एवढाच शब्द पुरत नाही. ‘मांस नको’ म्हटलं की हॅम आणि ट्यूना त्यात धरले जात नाहीत. ट्यूनाला स्पॅनिशमध्ये ‘आतून’ म्हणतात, आणि तो साध्या मिश्र सॅलडमध्येही खरोखर आतून निघतो. नावं घेऊनच सांगा : ‘सिन हामोन, सिन आतून, सिन उएव्हो’, म्हणजे हॅम, ट्यूना, अंडं नको. भाज्यांचा भात मागवताना ‘काल्दो’, म्हणजे शिजवायचं पाणी, कसला ते विचारा. भात बहुधा माशांच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात.

बिनधास्त मागवण्यासारखं : गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचं थंड सार, आणि बदाम, पाव, लसूण व ऑलिव्ह तेलाचं थंडगार, पांढरं आहोब्लान्को. सालमोरेहो हे टोमॅटोचंच थंड सार, घट्ट आणि चविष्ट, पण वर अंडं-हॅम पेरतात, आधीच नको म्हणा. मालागाची खासियत म्हणजे तळलेली वांगी आणि वर उसाची काकवी. ही काकवी फ्रिहिलियानात आजही तयार होते आणि आपल्या माणसाला पहिल्याच घासात ओळखीची वाटते. मात्र कढई माशांची तीच असते का, हे विचारून घ्या. आल्मेरिया आणि ग्रानादात पेयाबरोबर तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट येतो. आल्मेरियात बहुतेक ठिकाणी यादीतून निवडता येतो; ग्रानादात स्वयंपाकघर ठरवतं, म्हणून पेय मागवतानाच सांगायचं.

वेळेचं गणित जास्त अवघड. स्वयंपाकघरं दुपारी चारच्या सुमारास बंद होतात ती साडेआठपर्यंत. आई-बाबांचं मुख्य जेवण दुपारी दोनला करा. ‘मेनू देल दिया’, म्हणजे ठरावीक किमतीचं दिवसाचं जेवण, त्याच वेळी मिळतं. संध्याकाळी सातला कॅफेत भाजलेला पाव, किसलेला टोमॅटो आणि तेल, शिवाय घरून नेलेलं मेतकूट!

प्रश्न : बोकेरोनेस एन व्हिनाग्रे (व्हिनेगरमधले छोटे मासे) घरी करायचे आहेत. जंतांची भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. बोकेरोन हा मांदेलीच्या कुळातला मासा. त्यात आनिसाकिस नावाचा जंत असू शकतो आणि व्हिनेगरने तो मरत नाही. उणे 20 अंशांवर सलग पाच दिवस गोठवणं हाच घरगुती उपाय. फ्रीजरवर थंडाव्याची खूण म्हणून किमान तीन चांदण्या नसतील तर हा पदार्थ घरी करू नका.

अर्धा किलो मासे घ्या. डोकं मोडून ओढलं की आतडी सोबत येते. मग अंगठ्याने काटा सोडवा. रक्त जाईपर्यंत बर्फाच्या पाण्यात धुवा, नाहीतर मांस करडं दिसतं. पाच दिवस गोठवा, फ्रिजमध्येच वितळू द्या. मग मीठ घातलेल्या पांढऱ्या वाइनच्या व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडवून सहा-आठ तास ठेवा. मांस आतपर्यंत पांढरं झालं की बास. त्यापुढे ते खडूसारखं लागतं. निथळून लसूण, पार्स्ली आणि भरपूर ऑलिव्ह तेल घाला. सोमवारी मासे घेऊ नका. बोटी शनिवार-रविवार बहुधा निघत नाहीत, मिळतो तो शुक्रवारचा माल.

प्रश्न : जानेवारीत घरात बाहेरपेक्षा जास्त थंडी वाजते आणि कपाटात बुरशी येते. गॅसचा हीटर घेतला, तरी बुरशी वाढलीच.

उत्तर : हीटरमुळेच वाढली. एक किलो ब्युटेन जळलं की साधारण दीड किलो पाण्याची वाफ होते. नारिंगी सिलिंडर 12.5 किलोचा, म्हणजे एका सिलिंडरमागे घरात 18-19 लिटर पाणी! ते थंड भिंतीवर, नेमकं कपाटामागे उतरतं.

इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. फरशी गार, भिंती बिनअस्तराच्या. एसी गरम हवाही देत असेल तर तो 20 अंशांवर चालवा आणि आर्द्रता 55 टक्क्यांच्या आसपास राखणारं यंत्र आणा. कपाट भिंतीपासून पाच सेंटिमीटर पुढे ओढा. खिडक्या दुपारी दहा-पंधरा मिनिटं सताड उघडा, पण मालागाकडे लेव्हान्ते असेल त्या दिवशी नको, उलट ओल आत येते. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की गाद्या गच्चीवर टाका.

प्रश्न : आल्मुन्येकारच्या बाजारात चिरिमोया मिळतो. त्याची बासुंदी होईल का?

उत्तर : उत्तम होते. चिरिमोया सीताफळाचाच सख्खा भाऊ. मागच्या डोंगररांगा उत्तरेचं गार वारं अडवतात, म्हणून या पट्ट्यात तो पिकतो. हंगाम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. कडक फळ फ्रिजमध्ये ठेवलं तर पिकण्याआधीच काळं पडतं; बाहेर ठेवा आणि अंगठा हलकेच रुतला की वापरा. बिया विषारी असतात, गर मिक्सरला लावण्याआधी एकूण एक काढा. एक लिटर दूध निम्मं आटवा, गार करा आणि मगच दोन मध्यम फळांचा गर घाला. गरम दुधात घातला तर फाटायची भीती. साखर निम्मीच घाला, फळ आपल्या सीताफळाइतकंच गोड असतं.