घरभर खेळणी, तरी मूल रमत नाही

"ताई, एवढी खेळणी आणली, पण हा कशातच दोन मिनिटं टिकत नाही. काही कमी आहे का याच्यात?" दांडिया बाजारात राहणारी एक आई मला विचारत होती. मुलगा साडेतीन वर्षांचा. बडोद्यात हा प्रश्न इतक्या आया विचारतात, की तिची परवानगी घेऊन, ओळख न देता लिहिते आहे.

तिने फोनवर खेळण्यांचे फोटो दाखवले. बटण दाबलं की एबीसीडी म्हणणारं पुस्तक, आकडे बोलणारा रोबो, गाणारी गाय. खोक्यांवर 'एज्युकेशनल' छापलेलं. त्यातली बॅटरीशिवाय चालणारी फक्त चार निघाली.

आम्ही बोलत होतो तेव्हा मुलगा खाली माझ्याकडच्या लाकडी ठोकळ्यांपाशी बसला होता. मुलाने स्वतः हाताळून शिकायच्या माँटेसरी पद्धतीचा हा मनोरा: दहा ठोकळे, सर्वांत लहान 1 सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा 10 सेंटिमीटरचा. ठोकळा चुकीच्या जागी गेला की मनोरा वेडावाकडा दिसतो. चूक दाखवायला मोठ्या माणसाची गरज पडत नाही. तो रचत होता, पाडत होता, पुन्हा रचत होता. वीस मिनिटं झाली. आई बोलता बोलता थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. मुलात काहीच कमी नव्हतं. घरातली खेळणीच सगळं करून टाकत होती, त्याच्या हातांना काम उरत नव्हतं.

मग खरी काळजी बाहेर आली. जाऊबाईंची मुलगी शंभरपर्यंत आकडे म्हणते, आणि याचा शाळाप्रवेश जवळ आलाय. मी सांगितलं, आकडे म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. रोज रात्री जेवणाची ताटं त्याला मांडू द्या. घरात पाच माणसं, पाच ताटं, पाच वाट्या.

सहाच खेळणी बाहेर, बाकीची माळ्यावर, पंधरा दिवसांनी अदलाबदल, असं ठरलं. चपट्या गोल बॅटरीची झाकणं स्क्रूने घट्ट बसलीत का, हे मात्र त्याच दिवशी बघायला लावलं. ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका काही तासांत भाजते. राजमा-चवळी वेगळी करणं हाही उत्तम खेळ, पण आई शेजारी बसलेली हवी. तीन वर्षांखालच्या मुलाला तो देऊच नये, दाणा नाकात किंवा घशात जातो.

आजोबांना बडोद्याजवळच्या संखेडा गावची, लाखेचा रंग चढवलेली लाकडी खेळणी आणायची होती. जरूर आणा म्हटलं, पण लाकूड म्हणजे सुरक्षित असं मी मानत नाही. पांढरं ओलं फडकं घासून रंग निघतो का ते बघा, कडा बोटाने तपासा. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे. म्हणून त्यांच्या मालावर ती नसेलही. तिथे आपणच बघून घ्यायचं.

पहिला आठवडा जड गेला. गायीसाठी रोज रडारड, आणि आजींनी दोनदा ती गुपचूप काढूनही दिली. मी आजींना बोलावून घेतलं, त्यांच्याशी वेगळं बोलले. त्यांना वाटत होतं, नातवाकडून खेळणं हिसकावून घेतलंय.

महिन्याने आईचा फोन आला. नवरा फिरतीवर गेला होता. त्या रात्री मुलाने कुणी न सांगता चार ताटं मांडली, आणि पाचवं परत नेऊन ठेवलं.