दोर आणि वेणीत गाठींचे गणित खरोखर असते का?

गाठींचे गणित रोजच्या हस्तकलेत प्रत्यक्ष दिसते का, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात गणित शिकवतो आणि पोळ्याआधी घरी अंबाडीचे दोर वळताना लहानपणापासून पाहत आलो आहे, म्हणून दोरावरूनच सांगतो.

गणितात गाठीची दोन्ही टोके आधी जोडून घेतात, कारण मोकळ्या टोकाकडून कोणतीही गाठ सोडवता येते. सुरगाठ मारून टोके जोडली, तरी फास ओढताच साधे कडे उरते. गणिताच्या लेखी ती गाठच नव्हे.

खरी गंमत तिपेडी वेणीत आहे. लाल, पिवळी आणि हिरवी अशा तीन चिंध्यांची वेणी घाला, एकदा उजवा पेड मधल्यावरून आणि एकदा डावा मधल्यावरून, आणि प्रत्येक ओलांडणे मोजत जा. मग वेणी गोल वळवून डावे टोक डाव्याला, मधले मधल्याला, उजवे उजव्याला शिवा. ओलांडणी विषम असतील, तर दोन स्वतंत्र कडी मिळतात. सम असून 6 ने भाग जात नसेल, तर सगळी चिंधी मिळून एकच कडे होते. 6 ने भाग जात असेल, तर तीन रंगांची तीन वेगळी कडी होतात. ही तीन कडी एकमेकांत अशी अडकलेली असतात की कोणतेही एक कापले, की उरलेली दोन आपोआप सुटी होतात, मग वेणी 6 ओलांडण्यांची असो वा 60 ची.

कासऱ्यासारख्या पीळ दिलेल्या दोरात मात्र असे होत नाही. तेथे पेड एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे तीन पेडांचा पूर्ण एक फेरा घेऊन टोके जोडली आणि एक पेड कापला, तरी बाकीचे दोन साखळीच्या कड्यांसारखे अडकूनच राहतात. (कोणता दोर बैलाच्या ओढीला टिकेल, हे मात्र हे गणित सांगत नाही, जाडी आणि घर्षण ते मुळात विचारातच घेत नाही.)

वेणीला इतके महत्त्व उगाच नाही. कोणतीही गाठ टोके जोडलेल्या वेणीच्या रूपात मांडता येते, हे अलेक्झांडर या गणितज्ञाने 1923 मध्ये सिद्ध केले. पेड मात्र तीनच पुरतील असे नाही. घरी करून पाहताना शिवण्यापूर्वी टोकांना जास्तीचा पीळ पडू देऊ नका, नाहीतर मोजलेला आकडा चुकतो.